लिव्हर-ॲक्शन रायफल आणि तिचे काडतूस : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

परदेशात स्थायिक झालेल्या मुलाबाळांच्या निमित्ताने शिकारीच्या रायफलींची विचारणा करणारी पत्रे गोव्यातून अधूनमधून येत असतात. त्यांपैकी लिव्हर-ॲक्शन रायफलीविषयीचे, म्हणजे चापाजवळचे कडे (लिव्हर) खाली-वर करून काडतूस आत घेणाऱ्या रायफलीविषयीचे, प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात राहतो. त्याचे सासरे दर वर्षी नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात आणि यंदा जावयालाही बरोबर नेणार आहेत. मुलाने बंदुकीचा परवाना मिळवला आहे. त्याला लिव्हर-ॲक्शन रायफलच हवी आहे. पण काडतूस ३०-३० घ्यावे, ४५-७० घ्यावे की .३०८, आणि रायफल विंचेस्टर, मार्लिन की हेन्री, याबद्दल जो तो वेगळे सांगतो. आमच्या घरी वडिलांच्या काळापर्यंत ठासणीची बंदूक होती. त्यापलीकडे मला या विषयातले काही कळत नाही. एकाच रायफलीत त्याचे काम भागावे, एवढीच इच्छा आहे. — एक वाचक, फोंडा

उत्तर : आपल्या चिरंजीवांनी रायफलीच्या आधी काडतूस ठरवावे आणि काडतुसाच्याही आधी अंतर. सासरेबुवा ज्या रानात बसतात तिथे हरीण साधारण किती अंतरावर दिसते, हे त्यांनी त्यांनाच विचारावे. दुकानदाराला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्याकडे सत्तरी-सांग्याच्या रानात जशी नजर पन्नास-साठ पावलांवर अडते, तशीच ती तिकडच्या मेपल आणि सीडरच्या दाटीत अडते, आणि अशा ठिकाणी बहुतेक संधी शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९० मीटरांच्या आतच मिळतात. लिव्हर-ॲक्शन रायफल घडली ती याच अंतरासाठी. ती आखूड असते, वजनाने हलकी असते, दोन्ही बाजूंनी चपटी असल्यामुळे एका हाताच्या मुठीत नीट मावते, आणि दुसरी गोळी झाडायची वेळ आली तर दस्ता खांद्यावरून न काढता लिव्हर खाली-वर करून नवे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ते झाडण्यासाठी बसते त्या पोकळीत, आणता येते.

रान असे दाट असेल, तर माझे मत स्पष्टपणे ३०-३० च्या बाजूने आहे. हे काडतूस १८९५ साली विंचेस्टर कंपनीने बाजारात आणले. ज्या रायफलीसाठी ते आले, ती १८९४ ची विंचेस्टर, जॉन ब्राउनिंग यांच्या आराखड्यावर बनलेली होती. १५० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅम वजनाची गोळी या काडतुसातून सेकंदाला साधारण ७३० मीटर वेगाने बाहेर पडते. १७० ग्रेनच्या, म्हणजे ११ ग्रॅमच्या गोळीचा वेग ६७० मीटरच्या आसपास असतो. आजच्या मोठ्या काडतुसांपुढे हे आकडे साधे वाटतात आणि तसे ते आहेतही. परंतु पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या बरगड्यांमधून, फुप्फुसे आणि हृदय यांच्या आरपार गोळी जाण्यासाठी याहून अधिक बळ लागत नाही, आणि धक्का सौम्य असल्याने नवख्या माणसाला चाप ओढताना डोळे मिटण्याची सवय लागत नाही. ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. नेम चुकण्याच्या कारणांत मी तिला काडतुसाच्या दुबळेपणाच्या कितीतरी वर ठेवतो.

३०-३० ची मर्यादा गोळीच्या घसरणीत आहे. रायफल १०० यार्डांवर अचूक जुळवली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी केली, तर २०० यार्डांवर हीच गोळी सुमारे आठ इंच खाली लागते. यावर उपाय असा की, १०० यार्डांवर ती दोन इंच वर लागेल अशी जुळवणी करावी. मग दीडशे यार्डांवर ती जवळजवळ नेमक्या जागी येते आणि २०० यार्डांवर सुमारे चार इंच खाली उतरते. हरणाच्या छातीतला जीवघेणा भाग साधारण आठ इंच व्यासाचा धरला, तर दीडशे यार्डांपर्यंत मध्यावर नेम धरून निश्चिंत राहता येते. त्यापलीकडचे जनावर सोडून द्यावे. जखमी होऊन पळालेले हरीण संध्याकाळच्या अंधारात आणि बर्फात शोधत फिरणे हे शिकाऱ्याला दुःखाचे आणि जनावराला यातनेचे असते; ते टाळणे हा काडतूस निवडण्यामागचा पहिला हेतू असला पाहिजे.

४५-७० हे त्याहून जुने काडतूस आहे. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये स्वीकारले, तेव्हा त्यात ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची, म्हणजे २६ ग्रॅमहून जड शिशाची गोळी होती. मूस (हरणाच्याच कुळातले तिकडचे प्रचंड जनावर) किंवा अस्वल यांच्यासाठी, आणि तेही जवळून, हे काडतूस उत्तम आहे. मात्र धक्का ३०-३० च्या दुपटीच्या घरात जातो, काडतुसे महाग पडतात, आणि १०० यार्डांवर जुळवलेल्या रायफलीतून २०० यार्डांवर गोळी एक फुटाहून जास्त खाली जाते. आणखी एक गोष्ट चिरंजीवांनी लक्षात ठेवावी. ४५-७० ची काडतुसे एकाच मापाची असली तरी एकाच ताकदीची नसतात. एकोणिसाव्या शतकातील जुन्या स्प्रिंगफील्ड रायफलींना सोसतील अशी सौम्य काडतुसे वेगळी आणि आजच्या मार्लिन किंवा तत्सम मजबूत रायफलींसाठी भरलेली जोरकस काडतुसे वेगळी. ही जोरकस काडतुसे जुन्या रायफलीत घातली तर रायफल फुटून झाडणाराच जायबंदी होऊ शकतो, म्हणून खोक्यावरची सूचना वाचल्याशिवाय ती वापरूच नयेत. फक्त हरणासाठी रायफल हवी असेल, तर ४५-७० च्या वाटेला जाण्याचे कारण मला दिसत नाही.

.३०८ चा विचार तेव्हाच करावा, जेव्हा सासरेबुवांची बैठक जंगलाच्या कडेला, मोकळ्या शेताकडे किंवा तोड झालेल्या पट्ट्याकडे तोंड करून असेल. या काडतुसाची गोळी २०० यार्डांवर जेमतेम चार इंच घसरते आणि मूससाठीही ते पुरेसे आहे. पण नेहमीच्या लिव्हर-ॲक्शन रायफलीत ते चालत नाही, कारण तिचे मॅगझीन, म्हणजे काडतुसांचा साठा राहतो ती जागा, नळीखालच्या नळकांड्याचे असते आणि .३०८ च्या गोळ्या टोकदार असतात. त्यातला धोका पुढच्या उत्तरात सांगितला आहे. त्यासाठी पेटीसारखे मॅगझीन असलेली ब्राउनिंग बीएलआर किंवा हेन्रीची लाँग रेंजर घ्यावी लागेल. जुन्या बाजारात सॅव्हेज ९९ ही रायफलही मिळते. तिच्यात बाहेर दिसणारा घोडा नसतो आणि तिच्या बऱ्याच आवृत्त्यांत काडतुसे एका फिरत्या चक्रात बसतात. ती मिळाली आणि चांगल्या अवस्थेत असली तर सोडू नये, फक्त ती.३०८ ची आहे की .३०० सॅव्हेजची, हे नळीवर कोरलेल्या अक्षरांवरून पक्के करून घ्यावे.

.४४ मॅग्नम आणि .३५ रेमिंग्टन या दोन्हींची शिफारस त्यांना कोणी ना कोणी करीलच. पहिले मुळात पिस्तुलाचे काडतूस असून शंभर यार्डांपर्यंतच धरून चालावे. दुसरे रानासाठी फार चांगले आहे, पण दुकानात सहजी मिळत नाही; आणि ऐन हंगामात गावातल्या दुकानात न मिळणारे काडतूस नवशिक्याने घेऊ नये.

आता रायफलीचे नाव. विंचेस्टर ९४ ही सर्वांत सडपातळ आणि उचलायला सुखाची. अमेरिकेतील न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये बंद झाला आणि आता ती जपानमध्ये मिरोकू कंपनीत तयार होते. तिची बनावट उत्तम असते. १९६४ पूर्वीच्या रायफलींना संग्राहकांमुळे चढा भाव येतो, तो शिकारीसाठी मोजण्याची गरज नाही. आणखी असे की, १९८० च्या दशकाच्या आधीच्या विंचेस्टरमध्ये रिकामे काडतूस सरळ वर उडते, त्यामुळे तिच्यावर दुर्बीण मधोमध बसत नाही. मार्लिन ३३६ मध्ये ही अडचण नाही. १९४८ पासूनच तिचे वरचे पाठ सपाट आणि बंद आहे, रिकामे काडतूस उजवीकडे पडते आणि दुर्बीण नीट बसते. शिवाय एक स्क्रू काढून लिव्हर आणि बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता तुकडा) बाहेर घेता येतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. विंचेस्टरमध्ये सळई पुढूनच घालावी लागते आणि बेफिकिरीने घातली तर नळीचे तोंड झिजून अचूकता बिघडते. मार्लिन कंपनी २०२० साली रुगर कंपनीने विकत घेतली आणि ३३६ ही रायफल आता पुन्हा बाजारात आली आहे. हेन्रीच्या रायफली गुळगुळीत चालतात, पण वजनाला थोड्या जड असतात. काहींत काडतुसे बाजूच्या खिडकीतून भरता येतात, तर काहींत मॅगझीनच्या पुढच्या टोकाकडूनच भरावी लागतात. तिघींत निवड करायची झाल्यास मी चिरंजीवांना मार्लिन ३३६, ३०-३० मध्येच, घ्यायला सांगेन.

दुकानात मात्र नावाआधी मापाकडे पाहावे. रायफल रिकामी आहे हे दुकानदारासमोर लिव्हर उघडून, चेंबरमध्ये डोळ्यांनी आणि बोटानेही तपासून घ्यावे. मग जाड हिवाळी कोट अंगात असताना डोळे मिटून, सुरक्षित दिशेला तोंड करून, ती सहज खांद्याला लावावी आणि डोळे उघडावेत. मागची खाच आणि पुढची माशी आपोआप एका रेषेत दिसली, तर दस्ता त्यांच्या मापाचा आहे. मान ताणावी लागली किंवा गाल वर उचलावा लागला, तर तो लांब किंवा खाली आहे. हातमोजे घालून लिव्हरच्या कड्यात तीन बोटे सहज जातात का, हेही त्याच वेळी पाहावे, कारण नोव्हेंबरात तिकडे पारा शून्याच्या खाली उतरतो आणि उघड्या बोटांनी पोलाद धरवत नाही. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना खाच आणि माशी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. अशांनी बोल्टच्या मागे बसणारे गोल छिद्राचे दर्शी लावून घ्यावे किंवा कमी शक्तीची दुर्बीण बसवावी.

चालवण्यातल्या दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. लिव्हर नेहमी पूर्ण खाली आणि पूर्ण वर, एकाच ठाम हालचालीत न्यावी. संकोचाने अर्धवट ओढली की काडतूस वाटेतच अडकते आणि तो दोष यंत्राचा नसून हाताचा असतो. दुसरी सवय घोडा उतरवण्याची आहे आणि अपघात बहुधा इथेच होतो. काडतूस चेंबरमध्ये असताना ताणलेला घोडा खाली आणायचा असेल, तर नळी मऊ जमिनीकडे वळवावी, अंगठ्याने घोडा घट्ट पेलून धरावा, चाप क्षणभरच ओढून लगेच सोडावा, आणि मग अंगठ्याच्या आधाराने घोडा हळूहळू अर्ध्या खाचेपर्यंत, म्हणजे तो मध्येच अडकून थांबतो तिथपर्यंत, आणावा. गारठलेल्या अंगठ्याने हे करूच नये. नव्या रायफलींत वेगळी सुरक्षा-कळ असते. मार्लिनमध्ये ती बाजूला आणि आजच्या विंचेस्टरमध्ये मागच्या पट्टीवर असते. ती आधी लावावी. माझा आग्रह असा की, चालताना, कुंपण ओलांडताना किंवा झाडावरच्या बैठकीवर चढताना चेंबर रिकामेच असावे. जागेवर बसल्यावर काडतूस आत घ्यावे.

ऑन्टॅरिओच्या नियमांविषयी थोडे. दक्षिण ऑन्टॅरिओतील अनेक विभागांत हरणासाठी रायफल चालतच नाही. तिथे शॉटगन, ठासणीची बंदूक किंवा धनुष्यबाण यांनाच परवानगी असते. म्हणून सासरेबुवांचा शिकारीचा विभाग कोणता, हे पाहिल्याशिवाय एक डॉलरही खर्च करू नये. प्रांत सरकार दर वर्षी नियमपुस्तिका प्रसिद्ध करते, तीत विभागवार माहिती असते. बंदुकीच्या परवान्याबरोबरच शिकारीचे प्रशिक्षण, प्रांताचे शिकारी ओळखपत्र आणि हरणाचा स्वतंत्र परवाना लागतो. बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी रंगाचे जाकीट आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची असते, आणि सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत शिकारीच्या रानात बंदूक रिकामी करून खोळीत ठेवावी लागते.

आणि हंगामापूर्वी एक परीक्षा त्यांनी स्वतःची घ्यावी. आठ इंच व्यासाच्या कागदी पत्रावळी सराव-मैदानावर लावून, टेबलाचा आधार न घेता, रानात जसे बसणार तसे बसून त्यांवर नेम धरावा. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी पत्रावळीच्या आत पडते, ते त्यांचे अंतर. ते सत्तर यार्ड निघाले, तर यंदाच्या हंगामापुरते सत्तरच. काडतूस दोनशे यार्डांचे असले म्हणून नेम दोनशे यार्डांचा होत नाही.

प्रश्न : माझा भाऊ ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये शेतावर काम करतो आणि मालकाच्या परवानगीने तिथल्या मोकाट डुकरांची शिकार करतो. त्याच्याकडे जुनी विंचेस्टर ९४ आहे. टोकदार गोळी दूरवर सरळ जाते, म्हणून हाताने भरलेली टोकदार काडतुसे वापरावीत असे त्याला वाटते, पण ती वापरू नकोस असे त्याला सांगितले जाते. हे खरे आहे का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : पूर्णपणे खरे आहे आणि यात सवलत नाही. विंचेस्टर ९४ चे मॅगझीन म्हणजे नळीखालचे नळकांडे; त्यात काडतुसे एकामागे एक, मागच्याचे टोक पुढच्याच्या बुडाला टेकून राहतात. त्या बुडाच्या मधोमध प्रायमर असतो, म्हणजे ज्याच्यावर आघात झाला की दारू पेटते ती टोपी. रायफल झाडल्यावर धक्क्याने सगळी रांग हादरते, आणि टोकदार गोळी पुढच्या टोपीवर घोड्याच्या काट्यासारखी आपटू शकते. मग काडतूस मॅगझीनमध्येच, डाव्या हाताखाली, फुटते. म्हणून ३०-३० च्या गोळ्या चपट्या किंवा बोथट टोकाच्या असतात. दूरवर सरळ जाणारी गोळी हवीच असेल, तर हॉर्नेडी कंपनीची मऊ, लवचीक टोकाची काडतुसे नळकांड्याच्या मॅगझीनसाठीच बनवलेली आहेत, ती घ्यावीत. एक काडतूस चेंबरमध्ये आणि एकच मॅगझीनमध्ये असे ठेवून टोकदार गोळ्या वापरणारे लोक आहेत. मॅगझीनमध्ये एकच काडतूस असेल तर हा धोका उरत नाही, हे खरे. पण घाईत तिसरे काडतूस आत सरकवायला क्षण पुरतो, म्हणून मी हा मार्ग सुचवणार नाही.

पेटीच्या मॅगझीनच्या रायफलींना हा नियम लागू नाही.

प्रश्न : सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आणि थोडे कुळागर आहे. रानडुकरांनी नुकसान करून अगदी जेरीस आणले आहे. माझ्याकडे शेतसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक आहे. एक बार झाडला की पुन्हा ठासेपर्यंत कळप पसार होतो. डुकरासाठी लिव्हर-ॲक्शन रायफल आणि ३०-३० चे काडतूस इथे मिळेल का? — एक बागायतदार, वाळपई

उत्तर : आपली व्यथा खरी आहे. एका रात्रीत कळपाने सुपारीची रोपे आणि सुरणाचे वाफे उलथून टाकलेले ज्याने पाहिले आहेत, तो या प्रश्नाला हलके मानणार नाही. तरीही उत्तर नकारार्थीच आहे.

शेतसंरक्षणाचा परवाना हा बंदूक बाळगण्याचा परवाना आहे, जनावर मारण्याचा नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील कलम ९ नुसार अनुसूचीतील प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाला धोकादायक ठरलेल्या अशा प्राण्याला मारण्याची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी लेखी आणि कारणे नमूद करून देऊ शकतो; तो कागद हातात नसताना झाडलेली गोळी गुन्हा ठरते. आपली बाग म्हादई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल, तर शिक्षा आणखी कडक, तीन ते सात वर्षांच्या कैदेची आहे.

रायफलीविषयी म्हणाल, तर भारतातील आयुध निर्माण्या नागरिकांसाठी .३१५ आणि .३०-०६ या मापांच्या ज्या रायफली बनवतात, त्या बोल्ट-ॲक्शनच्या, म्हणजे बोल्ट हाताने मागे-पुढे ओढून चालवायच्या, आहेत. लिव्हर-ॲक्शन रायफल म्हणजे परदेशी माल, आणि सामान्य परवानाधारकाला ती आयात करता येत नाही. शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या शेतसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा आणि संरक्षण किंवा खेळासाठी किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा उल्लेख आहे. रायफलीला त्या सवलतीत स्थान नाही.

आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी कुळागरात रायफल नको, असेच मी म्हणेन. ३०-३० ची चुकलेली गोळी दोन-तीन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. आपल्याकडे तेवढ्यात दोन वाडे आणि एक रस्ता येतो. काजूच्या दिवसांत डुकरे पडलेल्या बोंडवांसाठी पहाटे बागेत उतरतात, आणि नेमक्या त्याच वेळी माणसेही काजू वेचायला वाकून हिंडत असतात. झुडपात काहीतरी काळे हलले म्हणून झाडलेल्या गोळीने माणसे गेल्याच्या घटना कोकणपट्टीत घडलेल्या आहेत. तारेचे फास आणि गावठी बॉम्ब यांचे तर नावही काढू नये. त्यांत डुकरापेक्षा कुत्रा, गुरे, गवा किंवा बिबट्या सापडण्याची भीती अधिक.

करण्यासारखे असे आहे. नुकसान झाले की त्याच दिवशी फोटो काढावेत, वन खात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी; विभागीय कृषी कार्यालयात कुंपणाच्या अनुदानाची आणि नुकसानभरपाईची चौकशी करावी. सौर कुंपणाची खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच असली पाहिजे, कारण डुक्कर सहसा उडी मारत नाही, नाकाने जमीन उकरून खालून घुसते. आणि तारेखालचे गवत सतत कापलेले असले पाहिजे, नाहीतर पावसाळ्यात ओल्या गवतातून वीज जमिनीत उतरते आणि कुंपण असून नसल्यासारखे होते. आजूबाजूच्या बागायतदारांनी मिळून एकच सलग कुंपण घातले, तर खर्च विभागला जातो आणि कळप एका बागेतून निघून शेजाऱ्याच्या बागेत शिरत नाही. कलम ११ खालचा अर्जसुद्धा पंचायतीमार्फत, नुकसानीच्या तारखांसह, एकत्र केलेला बरा.

प्रश्न : केपे येथील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर, पेटीत, आजोबांची लिव्हर असलेली रायफल सापडली. ती पोर्तुगीज राजवटीतली असावी. शेजारी काही हिरवी पडलेली काडतुसेही आहेत. परवाना आजोबांच्या नावे होता असे ऐकले आहे. ती आठवण म्हणून ठेवता येईल का, आणि ती कोणत्या मापाची आहे हे कसे ओळखावे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : प्रथम ती कोणालाही दाखवत फिरू नका आणि लिव्हर चालवून पाहू नका, मॅगझीनमध्ये काडतूस राहिले असण्याची शक्यता जुन्या रायफलीत नेहमीच धरावी. या रायफलींतील बहुतेकींचे मॅगझीन रिकामे करायचे म्हणजे प्रत्येक काडतूस चेंबरमधून फिरवून बाहेर काढावे लागते, आणि ते काम जाणकारानेच करावे.

परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र घरात ठेवणे बेकायदा ठरते. शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. रायफल स्वतः उचलून स्कूटरवरून नेण्यापेक्षा पोलीस ठाण्याला लेखी कळवावे, त्यांना घरी बोलवावे, पंचनामा करून घ्यावा आणि पावतीवर क्रमांक, बनावट व काडतुसांची संख्या लिहून घ्यावी. आजोबांच्या परवान्याची जुनी प्रत शोधून ठेवा. २०१६ च्या शस्त्र नियमांत कायदेशीर वारसाला परवाना मिळण्याची तरतूद आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा आणि त्यासोबत इतर वारसांची ना-हरकत जोडावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे बाळगता येतात, हेही ध्यानात असू द्यावे.

माप नळीवर, चेंबरजवळ, कोरलेले असते. तिथे ४४-४०, ३८-४० किंवा ३२-२० असे आकडे आणि पुढे डब्ल्यू.सी.एफ. ही अक्षरे दिसली, तर ती विंचेस्टरची जुनी काडतुसे होत आणि रायफल १८७३ किंवा १८९२ च्या नमुन्याची असू शकते. पैकी १८७३ च्या नमुन्याची यंत्रणा कमकुवत असते. हिरवी पडलेली काडतुसे कोणत्याही रायफलीत घालू नयेत. पितळ कुजून फाटण्याजोगे झालेले असते. ती पुसायला, फोडायला किंवा उन्हात ठेवायला जाऊ नये, रायफलीबरोबरच पोलिसांच्या ताब्यात द्यावीत. परवाना मिळून रायफल परत आली, तरी ती झाडण्यासाठी नव्हे, जपण्यासाठीच ठेवावी, हा माझा सल्ला.

प्रश्न : माझी भाची न्यूझीलंडमध्ये असते. ती डावखुरी आणि बांध्याने लहान आहे. बोल्ट-ॲक्शन रायफलीचा बोल्ट उजवीकडे असल्याने तिला त्रास होतो. लिव्हर-ॲक्शन तिला सोयीची पडेल का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : पडेल. लिव्हर आणि घोडा दोन्ही मधोमध असल्याने डावखुऱ्या माणसाला ही रायफल उजव्याइतकीच सहज चालवता येते. काडतुसे भरण्याची खिडकी उजव्या बाजूला असते, पण डावखुऱ्याला ती उलट सोयीची, कारण चापावरचा डावा हात न हलवता मोकळ्या उजव्या हाताने काडतुसे भरता येतात. मार्लिनमध्ये रिकामे काडतूस उजवीकडे उडते, म्हणजे तिच्या चेहऱ्यासमोरून. ते सहसा लागत नाही, तरी डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, आणि तो उजव्यांनाही हवाच. दस्ता तिच्या मापाने अर्धा-पाऊण इंच कापून घ्यावा आणि मागे रबराची गादी बसवावी. सराव .३५७ मॅग्नमच्या रायफलीत .३८ स्पेशलच्या सौम्य काडतुसांनी सुरू करता येतो, कारण .३५७ च्या बहुतेक रायफलींत तीही चालतात. हरणासाठी मात्र ३०-३० वरच यावे. एक अडचण राहते. पोटावर पालथे झोपून नेम धरताना लिव्हर जमिनीला अडते, तेव्हा तिला बसून किंवा गुडघा टेकून नेम धरण्याचा सराव अधिक करावा लागेल.